विजेची गाडी घरी बनवताना : मोटर एक की दोन ?



आपल्या भागातील आयटीआय शिकलेली, वेल्डिंग व वायरिंगची कामे करणारी अनेक मुले सध्या एका गोष्टीच्या मागे लागली आहेत. जुनी तीनचाकी मिळवायची, तिचे इंजिन काढायचे, बॅटऱ्या बसवायच्या आणि कांद्याच्या गोण्या, चारा, पाण्याचे कॅन वाहणारी विजेची गाडी तयार करायची. उद्योग चांगला आहे. मात्र सामान घेण्याच्या वेळी त्यांचे पाऊल एका प्रश्नापाशी अडते. मागच्या धुऱ्यावर एकच मोटर बसवावी, की दोन्ही मागच्या चाकांत एकेक मोटर घालावी ? दोन मोटरी म्हणजे दुप्पट ताकद, असे दुकानदारही सांगतो. गाठीच्या पैशाचा प्रश्न असल्यामुळे हे म्हणणे तपासून पाहणे जरूर आहे.

पाबळच्या वाचकांना विज्ञान आश्रम नवा नाही. हिंदुस्थान लीव्हरमधील संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात तो सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवणे ही त्यांची पद्धत. (डॉक्टरसाहेब २००३ साली गेले, आश्रमाचे काम चालू आहे.) जुन्या जीपचे भाग वापरून तेथे ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर तयार झाला होता. बाजारात सहज मिळणारा, गावच्या मिस्त्रीला दुरुस्त करता येणारा भाग हाताशी असेल तर नवा कशाला शोधायचा, हा त्यातला विचार. मोटरचा प्रश्नही याच नजरेने पाहावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता हिशेब. गाडी, बॅटऱ्या, चालक व माल मिळून ५०० किलो वजन धरू. बऱ्यापैकी रस्त्यावर सपाटीला ती ढकलत ठेवण्यास साधारण १० किलोचा जोर लागतो. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा चढ लागला की त्यात २५ किलोची भर पडते, म्हणजे एकूण ३५ किलो. चाक ५० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर चढावर धुऱ्याला सुमारे ८६ न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे मिस्त्री ज्याला टॉर्क म्हणतात तो, द्यावा लागेल.

१००० वॅटची, मिनिटाला ३००० फेरे घेणारी एक मोटर घ्या. तिचा स्वतःचा पीळ जेमतेम ३.२ न्यूटन-मीटर. मोटरचे दहा फेरे तेव्हा चाकाचा एक, असे दात ठेवले तर चाकाला ३२ मिळतो आणि गाडीचा वेग ताशी २८ किलोमीटर होतो. याउलट चाकांत बसणाऱ्या ५०० वॅटच्या दोन मोटरी घ्या. त्या थेट चाकाबरोबर मिनिटाला ३०० फेरे घेतात. प्रत्येकीचा पीळ १६, दोघींचा मिळून ३२. वेग तोच, पीळही तोच ! ताकद दुप्पट झालेली नाही, ती दोन ठिकाणी वाटली गेली आहे.

खरा फरक यापुढे आहे. एका मोटरच्या गाडीत दातांचे प्रमाण पंधरास एक केले की पीळ ४८ होतो. वेग ताशी १९ किलोमीटरवर येतो, पण गोण्या वाहणाऱ्याला शर्यत लावायची नाही. मग ८६ च्या चढावर मोटरला नेमल्यापेक्षा पावणेदोन पटीच्या आसपास ताण पडतो, आणि काही मिनिटे चांगली मोटर तो सोसते. चाकातल्या मोटरीला दात बदलण्याची सोय नाही. तिच्यावर पावणेतीन पट ताण येतो, ती सावकाश फिरत राहते, प्रवाह जास्त ओढते व तापते.

हे तत्त्व आपल्या राज्यात वापरूनही झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाला गिअर बसवले, पुढे तिला मोटरची जोड दिली. चाकात मोटर घालण्याची कल्पनाही नवी नाही म्हणा. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात लोहनर कंपनीची अशी गाडी होती. ती फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने घडवली होती.

दोन मोटरी बसवणाऱ्याने वळणाचा विचार आधी करावा. मागची चाके ९० सेंटिमीटर अंतरावर असून गाडी ३ मीटर त्रिज्येने वळली, तर बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त अंतर कापते. एका मोटरच्या गाडीत हे काम डिफरन्शियल बिनबोभाट करते. दोन मोटरींत ते कंट्रोलरवर सोपवलेले असते. कंट्रोलर पीळ राखणारा असेल तर दोन्ही चाके आपापल्या वेगाने फिरतात आणि अडचण येत नाही. वेग राखणारा असेल तर दोन्ही चाके एकमेकांशी भांडतात, टायर घासतात, गाडी वळायला नकार देते. म्हणून दोन्ही कंट्रोलर एकाच जातीचे, पीळ राखणारे घ्यावेत. डावी व उजवी मोटर आरशातल्यासारखी उलट बसते, तेव्हा एकीची फिरण्याची दिशा बदलून घ्यावी लागते. प्रत्येकीला वेगळा फ्यूज, पण ब्रेक दाबताच दोघींचा प्रवाह एकदम तुटेल अशी कळ हवीच. भरल्या गाडीची एक मोटर मध्येच थांबली तर गाडी त्या बाजूला ओढली जाते, आणि तीनचाकीला उलटायला वेळ लागत नाही.

बॅटरीचेही पाहा. सपाटीला ताशी २० किलोमीटर वेगात चाकाला साधारण ५५० वॅट लागतात. वाटेतली गळती धरून बॅटरीतून ७०० वॅट, म्हणजे ४८ व्होल्टला सुमारे १५ अँपिअर. मोटर एक असो वा दोन, हा आकडा फारसा हलत नाही. पण ४० अँपिअरचे दोन कंट्रोलर लावून मूठ पूर्ण पिळली तर बॅटरीतून ८० अँपिअर निघतील. असा ओढा शिशाच्या बॅटरीला मानवत नाही, तिची साठवण लवकर संपते व आयुष्यही घटते.

मग दोन मोटरी कधी ? पावसात चिखलात डिफरन्शियलची गाडी एक चाक घसरले की जागेवरच फिरत बसते. तेथे दुसऱ्या चाकातली मोटर गाडी बाहेर काढू शकते. शेतातच फिरणारी, दीड-दोनशे किलोची हलकी गाडी असेल व डिफरन्शियल मिळत नसेल, तर दोन मोटरी शोभतात. मात्र अशा हलक्या गाडीला आणखी स्वस्त उपाय आहे. सायकलरिक्षात असते तशी साखळी एकाच मागच्या चाकाला द्यावी. गाडी किंचित एका बाजूला ओढते, हाताला सवय होते.

जड मालाला मात्र एकच मोटर, जुन्या रिक्षाचे तपासून घेतलेले डिफरन्शियल आणि कमी वेगाचे दात.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीजनिर्मितीच्या धोरणाचे कामही त्यांच्याकडे होते, हे आपल्या तरुणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. विजेचे काम शिकणाऱ्याने ते जरूर वाचावे.

राहता राहिला कायदा. २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षा व ई-कार्ट आल्या, ४००० वॅटच्या मर्यादेसह. पण त्यांच्या नमुन्याला पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेची चाचणी लागते. घरी जोडलेल्या गाडीकडे तो दाखला नसतो, म्हणून ती आपल्या शेतात, गोठ्यात, वीटभट्टीच्या आवारातच चालवावी. शिक्रापूर-राजगुरुनगर रस्त्यावर भाड्याने माल वाहायचा असेल, महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे किंवा बँकेकडे कर्ज मागायचे असेल, तर नोंदणी होणारी तयार गाडीच घ्यावी. तिच्याही धुऱ्यापाशी वाकून मोटरवरील पाटी वाचावी, आणि सही करण्यापूर्वी भरल्या वजनासह एखाद्या चढावर ती चालवून दाखवण्यास सांगावे.