धर्मनिरपेक्ष राज्यघटना आणि आपले ख्रिस्ती बांधव

भारतीय संविधानाच्या उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. तत्त्व मात्र मूळ घटनेतच होते. या शब्दाचे दोन अर्थ सर्रास सांगितले जातात. काहींच्या मते शासनाने सर्व धर्मांना सारखेच गोंजारावे. इतर काही म्हणतात, धर्म ही घरातली बाब, ती उंबऱ्याबाहेर आणूच नये. आमच्या मते हे दोन्ही अर्थ घटनेत बसत नाहीत. शासनाला स्वतःचा धर्म नाही. नागरिकाला तो असू शकतो, नसूही शकतो, आणि असल्यास तो उघडपणे पाळण्याची व सांगण्याची त्याला मुभा आहे. ही गोष्ट ख्रिस्ती समाजाच्या उदाहरणावरून चांगली समजते. शिवाय त्या समाजातील मोठ्या वर्गाचा प्रश्न आपल्या प्रश्नाशी जोडलेला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. रविवार हा मुळात ख्रिस्ती उपासनेचा वार. इंग्रजी अमलात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद राहू लागल्या, पण गिरणी कामगार राबतच होता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली व १८९० मध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते; सत्यशोधक होते. त्यांना कामगाराच्या थकलेल्या देहाला विसावा हवा होता. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या २५ व्या कलमात सार्वजनिक सुट्टीच्या व्याख्येत रविवार येतो, हे आम्हा बँकवाल्यांना तोंडपाठ असते. त्या दिवशी चर्चमध्ये जा असे मात्र कोणताही कायदा सांगत नाही. उगम धर्माचा, पण आधार सर्वांना पटेल अशा कारणाचा, असे झाले की ती गोष्ट सर्वांची होते. (घटनेतील धर्मस्वातंत्र्याचे कलमही २५ वेच, हा निव्वळ योगायोग!)

या कलमात धर्म मानण्याबरोबर, आचरण्याबरोबर 'प्रसार' करण्याचाही हक्क आहे. हा शब्द सहजासहजी आलेला नाही. संविधान सभेत लोकनाथ मिश्र आदी सभासदांनी त्याला कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुन्शींनी सांगितले की ख्रिस्ती समाज या शब्दाला फार महत्त्व देतो, आणि भाषणस्वातंत्र्य दिल्यावर आपला धर्म दुसऱ्यास पटवून देणे कसे रोखणार? टी. टी. कृष्णम्माचारी म्हणाले, आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला बाटवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. हे दोघेही हिंदू होते, हे ध्यानात घ्यावे. ६ डिसेंबर १९४८ रोजी हे कलम संमत झाले.

संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी त्यास पाठिंबा दिला. आपल्या समाजाला वेगळी राजकीय कुंपणे नकोत, श्रद्धेचे स्वातंत्र्य हवे, अशी ती भूमिका होती. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला उद्देशिकेचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी ह. वि. कामत यांची सूचना ६८ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळली गेली. राजकुमारी अमृत कौर, जॉन मथाई यांच्यासारखे ख्रिस्ती मंत्री केंद्रात होते. मथाई तर पुढे स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष झाले.

न्यायालयांनी या स्वातंत्र्याला कधी रुंद केले, कधी आक्रसले. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. उलट १९८६ मध्ये केरळातील यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन मुलांना न्याय मिळाला. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून शाळेने काढून टाकले होते. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला लावले. विद्यार्थी मित्रांनी हा निकाल मुळातून वाचावा.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जी धम्मक्रांती झाली, तिला सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा हाच घटनात्मक आधार होता. पण त्याच्याही आधी, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. आपण यायला १९९० उजाडले. मधली ३४ वर्षे आपल्याला ऐकवले जाई की बुद्धाच्या धम्मात जात नाही, मग सवलत कसली? गावचा पाणवठा धर्म विचारत नव्हता, जात विचारत होता.

ख्रिस्ती बांधव १९९० च्या दुरुस्तीतही बाहेरच राहिले. मद्रासच्या फुटपाथवर जोडे दुरुस्त करणाऱ्या सूसाई यांचा खटला पाहा. सरकारने हिंदू चर्मकारांना टपऱ्या मोफत दिल्या. सूसाई जन्माने आदि-द्रविड, धंदा तोच, पण धर्म ख्रिस्ती, म्हणून वगळले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. धर्मांतरानंतरही तेच सामाजिक दैन्य तितकेच टिकून आहे, असा पुरावा आणा म्हणून सांगितले. आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली कितीतरी महार-मांग घरे आहेत. मिशनने शाळा दिल्या, दवाखाने दिले, हे मान्य. पण चर्चने जातीशी तडजोड केली, असे डॉ. बाबासाहेबांनी परखडपणे लिहून ठेवले आहे.

आपल्यातले काही म्हणतात, आधीच ताटात थोडे, त्यात वाटेकरी नकोत. ही भीती खोटी नाही. पण तिचे उत्तर टक्केवारी वाढवून घेण्यात आहे. ३४ वर्षे आपल्याविरुद्ध वापरलेला युक्तिवाद उसना घेण्यात नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेदच काढून टाकावा, अशी शिफारस केली. सदस्य-सचिव आशा दास यांनी त्याला भिन्नमत जोडले. पुन्हा २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला.

दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वरिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी तिने हिंदू अनुसूचित जातीचा दाखला मागितला होता. ती नियमित चर्चमध्ये जाते आणि तिचा बाप्तिस्मा झाला आहे हे पाहून न्यायालयाने केवळ आरक्षणासाठी केलेला हा दावा म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक ठरवली. कायद्याच्या शब्दाप्रमाणे निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. पण १९९० पूर्वी आपल्यापैकी किती घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि दाखल्यावर 'हिंदू' असे चालत होते, ते त्या पिढीच्या उपासकांना विचारून पाहावे.