शंभर मशीन, एकच डिस्क: व्हर्च्युअल मशीनमधली मालवेअर तपासणी

एका सर्व्हरवर शंभर व्हर्च्युअल मशीन चालत असली, तरी त्यांच्याखालची डिस्क, प्रोसेसर आणि मेमरी सामाईकच असते. प्रत्येक मशीनमधला अँटिव्हायरस मात्र आपण स्वतंत्र संगणकावर आहोत असे धरून चालतो. पूर्ण स्कॅन दुपारी एकला लावलेला असेल, तर शंभर स्कॅनर त्याच मिनिटाला त्याच डिस्कवर तुटून पडतात. मिनिटाला 15,000 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला जेमतेम 175 ते 200 विखुरलेली वाचने पेलते आणि स्कॅनरचे काम तर हजारो लहान फायली एकामागून एक उघडण्याचे. अशा वेळी देखरेखीच्या पडद्यावर प्रोसेसर बऱ्यापैकी मोकळा दिसतो, पण डिस्कचा प्रतिसाद काही मिलिसेकंदांवरून शेकड्यांत गेलेला असतो. कोणाचे लॉगिन अडकते, कोणाचा मेल उघडत नाही आणि तक्रार जाते नेटवर्कवाल्यांकडे. डेटा सेंटरमध्ये याला ‘एव्ही स्टॉर्म’ म्हणतात.

एसएसडी आल्यावर डिस्कसमोरची रांग घटली, मेमरीचा प्रश्न तसाच राहिला. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसमधला क्लॅमडी हा प्रोग्राम सगळ्या सिग्नेचर, म्हणजे मालवेअर ओळखण्याच्या खुणा, मेमरीत उतरवून घेतो आणि तेवढ्यालाच एक जीबीहून जास्त मेमरी लागते. तो शंभर मशीनमध्ये बसवला, तर शंभर जीबीहून अधिक मेमरी एकाच यादीच्या शंभर प्रती सांभाळण्यात जाते.

सर्वांत स्वस्त उपाय वेळा विखुरण्याचा. मायक्रोसॉफ्ट डिफेंडरमध्ये ठरलेल्या वेळेपासून काही तासांच्या पट्ट्यात स्कॅन कधीही सुरू होईल अशी सोय आहे आणि स्कॅनने प्रोसेसर सरासरी किती वापरावा याची मर्यादाही घालता येते. ती मुळात 50 टक्के असते. हे आधी करून घ्यावेच. मात्र यामुळे एकूण काम तसूभरही कमी होत नाही, ते फक्त पसरते. काम खरोखर कमी करायचे, तर कोणती फाइल पुन्हा वाचायची गरज नाही हे ओळखावे लागते.

व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत हे ओळखणे सोपे असायला हवे, कारण बहुतेक मशीन एकाच गोल्डन इमेजचे, म्हणजे तयार नमुना डिस्कचे, क्लोन असतात. विंडोज आणि ऑफिसच्या हजारो फायली शंभर ठिकाणी हुबेहूब सारख्या असतात. प्रत्येक फाइलच्या मजकुराचा ठसा, म्हणजे एसएचए-256 हॅश, काढून ‘हा हॅश निर्धोक’ अशी सामाईक नोंद ठेवली, की दुसऱ्या मशीनवर तीच फाइल तपासावी लागत नाही. 2011 मध्ये आलेल्या सिमँटेक एंडपॉइंट प्रोटेक्शन 12.1 मध्ये ‘शेअर्ड इनसाइट कॅशे’ या नावाने अशीच सोय होती.

खरी मेख पुढे आहे. हॅश काढायचा म्हणजे पूर्ण फाइल वाचावी लागते आणि वाचन टाळण्यासाठी तर हा सगळा खटाटोप. आकार आणि बदलाची वेळ पाहून ‘ही तीच फाइल’ म्हणावे, तर ती वेळ मालवेअरला सहज खोटी करता येते. म्हणून विंडोजमध्ये फाइल सिस्टिमच्या वाटेवर एक मिनीफिल्टर ड्रायव्हर बसवतात. फाइल उघडण्याची प्रत्येक विनंती त्याच्यासमोरून जाते, तशीच लिहिण्याचीही. एखाद्या फाइलवर एक बाइट लिहिला गेला, तरी ड्रायव्हर तिची जुनी नोंद रद्द करतो. लिहिले गेलेच नसेल, तर आधी काढलेला हॅश तसाच वापरता येतो. गोल्डन इमेज तयार करतानाच पूर्ण स्कॅन करून या नोंदी इमेजमध्ये भरून ठेवल्या, तर क्लोन जन्मतःच तपासलेला असतो. रोज लॉगऑफनंतर मूळ स्थितीला जाणाऱ्या डेस्कटॉपसाठी ही पायरी वगळणे महागात पडते, कारण तिथे कॅशे रोज पुसली जाते.

कॅशेने वाचन वाचते, सिग्नेचरच्या शंभर प्रती मात्र राहतातच. त्यावर 2010 मध्ये व्हीएमवेअरने व्हीशील्ड एंडपॉइंट आणले आणि त्याच्या जोडीने ट्रेंड मायक्रोच्या डीप सिक्युरिटीने तपासणीचे इंजिनच मशीनबाहेर काढले. या रचनेत आत फक्त व्हीएमवेअर टूल्समधला एक लहान ड्रायव्हर राहतो. इंजिन आणि सिग्नेचर त्याच होस्टवरच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवरच्या, एका वेगळ्या सुरक्षा मशीनमध्ये असतात, होस्टमागे एकच प्रत. एखादा मोठा इन्स्टॉलर पहिल्या मशीनवर उघडला की तो क्षणभर रेंगाळतो, कारण त्याचा मजकूर सुरक्षा मशीनकडे जाऊन तपासला जातो. लगेच दुसऱ्या मशीनवर तोच उघडावा, तर कॅशेतून उत्तर येते आणि तो विनाविलंब सुरू होतो. चालते मशीन दुसऱ्या होस्टवर हलवले, तर तिथल्या सुरक्षा मशीनला या नोंदी नव्याने गोळा कराव्या लागू शकतात. आणि सुरक्षा मशीनच बंद पडले, तर फायली बिनतपासणी उघडू द्यायच्या की अडवायच्या, हे आधीच ठरवलेले असावे लागते.

‘निर्धोक’ हा निकाल कायमचा नसतो. काल ज्या फाइलमध्ये काही सापडले नाही, तिची खूण आजच्या सिग्नेचरमध्ये असू शकते. म्हणून कॅशेतल्या प्रत्येक नोंदीला सिग्नेचरची आवृत्ती जोडावी लागते. अपडेट आल्याबरोबर सगळी कॅशे पुसली, तर वादळ लहान रूपात परत येते. त्यापेक्षा जुनी नोंद फाइल पुढच्या वेळी उघडेपर्यंत तशीच ठेवून तेव्हा तपासणे बरे. मूळ उत्पादकाची डिजिटल सही असलेल्या प्रणालीच्या फायलींना लांब मुदत द्यावी, डाउनलोड्स फोल्डरमधल्या फायलींना अगदी आखूड. सगळ्यांना एकच मुदत लावणे सोयीचे असते, पण त्यात एक तर श्रम वाया जातात किंवा धोका वाढतो.

बंद पडून असलेल्या मशीनचा प्रश्न वेगळा. सहा महिने बंद असलेले मशीन सुरू होते ते सहा महिने जुन्या सिग्नेचर घेऊन. त्याच्या डिस्कचा स्नॅपशॉट बाहेरून वाचून तपासता येतो. अ‍ॅमेझॉनच्या गार्डड्युटी या सुरक्षा सेवेने 2022 मध्ये सुरू केलेली मालवेअर तपासणी ईबीएस डिस्कच्या स्नॅपशॉटवरच चालते, त्यामुळे चालू मशीनवर तिचा भार पडत नाही. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर 4 पासून, म्हणजे 2009 पासून, बॅकअपसाठी बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवता येते. तिच्या आधारे फक्त बदललेला भाग वाचता येतो, मात्र कोणता ब्लॉक कोणत्या फाइलचा हे कळण्यासाठी एनटीएफएस किंवा ईएक्सटी4 ची रचना बाहेरून उलगडावी लागते. डिस्क मशीनच्या आतूनच एन्क्रिप्ट केलेली असेल, तर हा मार्ग किल्लीशिवाय बंद.

फाइल न ठेवता थेट मेमरीत चालणारे मालवेअर या कोणत्याच वाटेने सापडत नाही. होस्टवर ही मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरमधून त्यांची मेमरी पाहण्याची पद्धत गारफिंकल आणि रोझेनब्लम यांनी 2003 मध्ये मांडली, पण बाहेरून दिसतात ते नुसते बाइट, त्यातून प्रक्रिया आणि त्यांचे हेतू ओळखणे अवघड. म्हणून आता आत हलका एजंट आणि बाहेर जड इंजिन अशी विभागणी केली जाते. फेब्रुवारी 2023 मधल्या ईएसएक्सआयआर्ग्सच्या हल्ल्याने दुसरी बाजू दाखवली. त्या रॅन्समवेअरने होस्टवर शिरून मशीनच्या डिस्क-फायलीच एन्क्रिप्ट केल्या, आणि मशीनच्या आत बसलेल्या स्कॅनरपुढे ते कधी आलेच नाही. आतली तपासणी कितीही वेगवान केली, तरी होस्टला पॅचेस लावणे आणि त्याच्या व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळे ठेवणे हे काम उरतेच.

सुधारणा झाली की नाही हे सरासरीवरून ठरवू नये. दिवसभराच्या सरासरीत सकाळच्या लॉगिनची पंधरा मिनिटे बुडून जातात. सर्वांत हळू उघडलेल्या पाच टक्के फायलींना किती वेळ लागला, ते बदलाआधी आणि बदलानंतर मोजावे. प्रत्येक बदलानंतर क्लोन केलेल्या एखाद्या मशीनमध्ये 68 अक्षरांची ‘आयकार’ ही निरुपद्रवी चाचणी फाइल ठेवून ती अडवली जाते का, तेही पाहावे. वेग वाढवण्यासाठी तपासणीतून वगळलेल्या फोल्डरची यादी वाढत गेलेली असते. ही चाचणी फाइल त्या फोल्डरांमध्येही ठेवून पाहिली, की कोणकोणत्या जागा उघड्या राहिल्या आहेत ते कळते.