मारक पेशीला लायसन्स कोण देतं?

पायाची जखम चिघळली की कधीकधी जांघेत गाठ सुजते. आजीला फोन करून विचारा, ती लगेच म्हणेल, "अवधाण आलंय." जखम पायाला, मग गाठ जांघेत का? कारण तिथल्या लसिका ग्रंथीत तेव्हा पेशींची बैठक भरलेली असते. जंतूशी कसं लढायचं, ते तिथे ठरतं.

या बैठकीतल्या तिघींना ओळखून घ्या. पहिली डेंड्रिटिक पेशी. ती जखमेपाशी जंतू गिळते आणि त्याचे तुकडे अंगावर लावून ग्रंथीत येते. दुसरी सीडी८ टी पेशी, म्हणजे मारक पेशी. विषाणू शिरलेल्या किंवा कॅन्सर झालेल्या पेशीला चिकटून ती तिला संपवते. तिसरी सीडी४ टी पेशी. पुस्तकात हिला 'मदतनीस' म्हणतात, म्हणून ती दुय्यम वाटते. पण तसं नाहीये.

मारक पेशीला नुसता तुकडा दिसून भागत नाही. तो आपल्याच शरीराचा असला तर? चुकून हल्ला झाला तर नुकसान आपलंच. म्हणून 'धोका खरा आहे' अशी दुसरी खूणही लागते, आणि तिथे सीडी४ पेशी कामाला येते. अडचण अशी, की एखादा ठराविक तुकडा ओळखणाऱ्या टी पेशी अगदी मोजक्या असतात. नेमकी सीडी४ आणि नेमकी सीडी८ एकाच वेळी एकाच डेंड्रिटिक पेशीपाशी पोचणं म्हणजे न ठरवता दादर स्टेशनवर मित्र भेटण्यासारखं.

१९९८ मध्ये तीन संशोधक गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात याचं उत्तर दिलं. दोघींनी एकदम यायची गरजच नसते. सीडी४ पेशी आधी येते, डेंड्रिटिक पेशीवरच्या सीडी४० नावाच्या रेणूला आपला रेणू जोडते आणि तिला 'लायसन्स' देऊन जाते. शास्त्रज्ञ खरंच हाच शब्द वापरतात. मागाहून आलेल्या मारक पेशीला मग डेंड्रिटिक पेशी कामाला लावते. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवून जातो ना, तसंच.

काही विषाणू इतका गोंधळ घालतात की डेंड्रिटिक पेशी या मदतीशिवायच जागी होते. पण अशा वेळी मारक पेशींची आठवण कच्ची राहते. तोच जंतू पुन्हा आला तर त्या नीट वाढत नाहीत.

सीडी४ पेशी कमी झाल्या तर काय होतं, ते एचआयव्हीने दाखवलं. हा विषाणू मुख्यतः याच पेशींत शिरतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की त्याला एड्स म्हणतात. मारक पेशी हे काही विषाणूचं मुख्य लक्ष्य नसतं, तरी सगळी फळीच कोसळते. औषधं वेळेवर सुरू केली तर आज हे टळतं.

कॅन्सरमध्येही हेच दिसतं. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी बाहेर काढतात, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात आणि परत शरीरात सोडतात. २०१० मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रक्ताच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांना हा उपचार मिळाला. दहाएक वर्षांनी तपासलं तेव्हा त्या पेशी अजून रक्तात होत्या आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या सीडी४ होत्या. शिवाय त्या स्वतःही कॅन्सरच्या पेशी मारू शकत होत्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी विकसित केलेल्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, त्यामुळे हा विषय आपल्या घरच्यांपासूनही लांब राहिलेला नाही.

तेव्हा बायोलॉजीच्या वर्गात एकट्या 'किलर' पेशीचं चित्र दिसलं, तर जरूर विचारा: हिला लायसन्स देणारी कुठे आहे?