चाकणमध्ये चुन्याचा धंदा? हो, चालतो!

चाकण म्हटलं की आपल्याला कंपन्या, व्हेंडर कोड आणि जॉबवर्कच आठवतं. पण याच चाकणमध्ये संग्रामदुर्ग आहे. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला.

आसपासच्या गावांत जुने दगडी वाडे अजून उभे आहेत. मालक सांधे भरतात सिमेंटने, आणि तिथेच तुमची संधी आहे. सिमेंट ओल आत कोंडतं. मग क्षार फुलतात, गिलावा सुटतो. चुना ओल बाहेर सोडतो. गिऱ्हाइकाला एवढं पटलं की अर्धं काम झालं.

पद्धत साधी आहे. सैल मसाला हाताने कोरून काढा, ब्रेकर नको. सांधा धुऊन ओला ठेवा. विरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, नीट मळून दाबून भरा. वर ओलं पोतं लावा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, घाई चालत नाही. कळीचा चुना विरवताना उकळतो, म्हणून गॉगल आणि हातमोजे हवेतच.

आता पैशाचं. हे थांबण्याचे दिवस कोटेशनमध्ये धरा, नाहीतर नफा मजुरीतच जाईल. आधी एक चौरस मीटर नमुना करा, लागलेले तास लिहा, मगच दर सांगा. संरक्षित वास्तूला मात्र पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

या रविवारी तुमच्या गावातला एक वाडा बघून या. सांधे मोजा, वहीत लिहा.