मॉनिटर बंद करून शोधा वेळापत्रक

विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला मी सगळ्यांना मॉनिटर बंद करायला लावते. माउस बाजूला, कानात हेडफोन. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर सुरू करायचा आणि आपल्याच विद्यापीठाच्या वेबसाइटवर बी.ए.चं वेळापत्रक शोधायचं.

मागच्या बॅचला परीक्षा विभागातले एक सर होते. कित्येक वर्षं परिपत्रकं तेच अपलोड करतात. टॅब दाबत गेले तसं कानावर पडत राहिलं, 'येथे क्लिक करा, लिंक. येथे क्लिक करा, लिंक.' कुठली कशाची, काही कळेना. शेवटी एक उघडली, तर पुढे आवाजच नाही. त्यांनी हेडफोन काढले. "मॅडम, हे बंद पडलं का?"

मी मॉनिटर लावला. समोर त्यांनीच चढवलेलं परिपत्रक होतं. टाइप करून, प्रिंट काढून, सही-शिक्का घेऊन स्कॅन केलेलं. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यात अक्षरं नसतातच, मग स्क्रीन रीडर वाचणार काय?

मीही वर्षानुवर्षं असेच स्कॅन चढवले. एकदा एका अंध विद्यार्थिनीचा फोन आला, "फॉर्मची शेवटची तारीख तेवढी वाचून दाखवता का?" मैत्रीण गावाला गेली होती, म्हणून तिला मला विचारावं लागलं. ती तारीख आदल्या दिवशीच उलटून गेली होती. तो फोन मी विसरू शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक मजकूर दिव्यांगांना वापरता यावा, असं २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. पण कायदा पाळला जातो तो नोटीस टाइप करणाऱ्याच्या टेबलावर. सही हवीच असेल तर स्कॅन जोडा, पण मजकूर पानावर युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, आत मात्र इंग्रजी अक्षरांचे नि चिन्हांचे क्रमांक असतात आणि कानात नुसता गोंधळ ऐकू येतो. शीर्षक ठळक करून भागत नाही, त्याला हेडिंगची स्टाइल द्यावी लागते. मग ऐकणारा 'एच' दाबून थेट तिथे पोचतो. लिंकवर 'बी.ए. वेळापत्रक' एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? पांढऱ्यावर पिवळी अक्षरं तर नकोतच. अंधुक दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ला १ हवा.

दुपारी सरांनी वेळापत्रक नव्याने टाइप केलं आणि न सांगता मॉनिटर बंद केला. 'एच' दाबलं, तक्त्यात शिरले. 'सोमवार, अर्थशास्त्र, साडेदहा.' चेहरा खुलला. खालच्या ओळीवर आले आणि थांबले. दोन पेपरांना मिळून त्यांनी तारखेची एकच चौकट ठेवली होती. दुसऱ्या पेपरला तारीख ऐकूच येईना.

"प्रत्येक ओळीत लिहायला हवी," ते म्हणाले आणि मॉनिटरकडे हात नेला.