छंद-मंडळांतील सहभाग : सक्ती कीं संधि ?

छंदासाठीं जमणाऱ्या मंडळांपुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो. गायनाची बैठक असो, काव्यवाचन असो, बुद्धिबळाचा डाव असो कीं पक्षिनिरीक्षणाची सहल असो. जो आला त्यानें कांहीं तरी केलेंच पाहिजे, असा नियम असावा काय? चालक म्हणतात, ‘नुसते पाहणारेच वाढले तर मंडळ चालावयाचें कसें ?’ नवखा मनांत म्हणतो, ‘पहिल्याच दिवशीं उभें करून गावयास लावणार असतील, तर घरीं बसलेलें बरें.’ दोघांचेंहि म्हणणें खोटें नाहीं. म्हणूनच या प्रश्नाचा निकाल एका शब्दांत लागत नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, सर्व मेळावे एका जातीचे नसतात. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेथें बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक, हीच व्यवस्था योग्य होय. त्याच पुण्यांत १९२३ सालीं रविकिरण मंडळ निघालें. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे त्यांतील कवि. असें मोजक्या लिहित्या माणसांचें मंडळ प्रत्येकानें आपली भर घातली तरच टिकतें. एकाचा नियम दुसऱ्यास लावूं गेल्यास व्याख्यानमाला ओस पडेल आणि कविमंडळाचें रूपांतर नुसत्या श्रोतृवर्गांत होईल.

सोलापुरांत गणेशोत्सवांत व शिवजयंतीस लेझीमचे ताफे निघतात. हलगीच्या ठेक्यावर सारी ओळ एकदम वांकते, एकदम वळते; एकाचें पाऊल चुकलें कीं शेजारचे दोघे चुकतात. यासाठीं आधीं कित्येक दिवस सराव चालतो. कडेला उभ्या असलेल्या माणसास हात धरून ओळींत ओढलें, तर त्याची फजिती होते आणि ताफ्याचीहि लय जाते. येथें सक्ती हवी ती सरावाची, पाहणाऱ्यावर नव्हे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणारी श्रीसिद्धेश्वरांची यात्रा हा धर्मविधि आहे, छंदाचा मेळावा नव्हे. तथापि तिच्यांतील योजना विचार करण्याजोगी आहे. सात उंच नंदीध्वज तोल सांभाळून पेलणें हें सरावलेल्यांचेंच काम. परंतु संमति कट्ट्याजवळ अक्षता-सोहळा होतो, तेव्हां जमलेले लहानथोर सारेच अक्षता टाकतात. त्यास विद्या लागत नाहीं, धिटाई लागत नाहीं. पण मूठभर अक्षता टाकतांच माणूस प्रेक्षक न राहतां वऱ्हाडी होतो. प्रत्येक मंडळानें आपल्या कार्यक्रमांत अशी एखादी ‘अक्षता’ शोधून काढावी.

उलट, अवघड कामाची सक्ती केल्यास काय होतें, हें पक्षिनिरीक्षणांत दिसतें. सोलापूरनजीक नान्नजच्या माळरानावर माळढोकासाठीं १९७९ सालीं अभयारण्य झालें. अरण्यविद्येचे लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सोलापूरचाच. त्यांच्या जन्मदिनापासून डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, राज्यांत पक्षिसप्ताह पाळतात. अशा सहलींत ‘प्रत्येकानें पक्षी ओळखलाच पाहिजे’ असा हट्ट धरला, तर नवखा भिडेपोटीं कांहीं तरी नांव ठोकून देतो आणि चुकीच्या नोंदीनें सारी वही बिघडते. त्याच्याकडे वेळ, जागा व संख्या लिहिण्याचें काम दिलें, तर तीच वही उपयोगी ठरते. शिवाय माळावर निश्चल बसून राहणें, हाहि तेथें सहभागच असतो.

घरगुती उदाहरण पाहावयाचें तर हळदीकुंकवाचें. नव्या सुनेस उखाण्याचा आग्रह होतो. बहुतेकींस तो गोड वाटतो. पण एखादी मान खालीं घालते, तिचे डोळे भरून येतात, आणि पुढील वर्षीं ती आलेली नसते. आग्रह करणाऱ्यांच्या तें लक्षांतहि येत नाहीं. मंडळांतहि असेंच घडतें : बोलतांना अडखळणारा मुलगा, उतारवयांत पेटी शिकूं लागलेले गृहस्थ हीं माणसें एका अपमानानें कायमचीं दुरावतात.

तात्पर्य, नियम असावा. पण तो निमंत्रणांतच स्पष्ट लिहिलेला असावा, म्हणजे येणारा तयारीनें येईल. पहिल्या दोन बैठकींत नवख्यास मोकळीक असावी. गाणें, बोलणें, खेळणें याखेरीज सतरंजी घालणें, हजेरी लिहिणें, वाद्यें जुळवून ठेवणें यांसहि सहभाग मानावें. भरसभेंत कोणाचें नांव पुकारूं नये. वर्षभर केवळ चहापुरता येणारा असेल, तर त्यास चालकानें एकीकडे घेऊन सांगावें. छंद म्हणजे आवडीनें पत्करलेलें बंधन. तें दुसऱ्यानें बांधलें कीं त्यांतील आवड जाते आणि बंधन तेवढें उरतें.