नैसर्गिक प्रसूतीची चळवळ आणि मराठवाड्यातील सुईण

प्रस्तावना :
'नैसर्गिक प्रसूती' ही संकल्पना चळवळीच्या रूपाने प्रथम पाश्चात्त्य देशांत मांडली गेली. इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली असे प्रतिपादन केले की, भीतीमुळे शरीर आखडते व त्यामुळे वेदना वाढतात. डॉ. लामाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत रशियातील पद्धती पाहून पॅरिसमध्ये श्वसनाच्या अभ्यासावर भर दिला. या चळवळीचा रोख गुंगीची औषधे, चिमटे आणि रुग्णालयातील एकाकी खाट यांवर होता. मात्र जेथे बाळंतपण दवाखान्यापर्यंत पोचलेच नव्हते, त्या नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात या चळवळीचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुईणीचे स्थान :
१९४८ पर्यंत निजामी राजवटीत असलेल्या या भागात बाळंतपण घरीच होई. सुईण बहुधा मातंग वा अन्य वंचित समाजातील वयस्क स्त्री असे. कळा देणाऱ्या बाईला ती फिरवी, उकिडवे बसवी, कंबर चोळी, धीर देई. नंतर बाळाला पायांवर घेऊन तेल लावणे, न्हाऊ घालणे, बाळंतिणीला शेक-धुरी देणे हेही तिचेच काम. फ्रेंच डॉक्टर लेबॉयर यांनी कोलकात्यात असे तेलमालिश पाहून १९७६ साली त्यावर पुस्तक लिहिले व ते युरोपात गाजले. आमच्या सुईणीला मात्र मोबदला मिळे तो धान्य आणि लुगडे-चोळीचा. ज्या घरात तिने मूल जन्माला घातले, त्याच घरात एरवी तिचा स्पर्श विटाळ मानला जाई. सुईणीचे गुणगान करणाऱ्या लेखनात ही बाब सहसा येत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विळ्याने कापलेल्या नाळेतून अर्भकास धनुर्वात होई. मूल आडवे आले किंवा वार अडकून रक्तस्राव सुरू झाला, तर सुईणीजवळ उपाय नव्हता; बैलगाडीतून तालुक्याला पोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे. म्हणजे येथील 'नैसर्गिक' प्रसूती ही निवड नव्हती, नाइलाज होता.

दवाखान्याकडे :
मराठवाड्यातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद येथे १९५६ साली निघाले. नांदेडला ते १९८८ मध्ये, तर लातूरला शासकीय महाविद्यालय २००२ मध्ये आले. लातूरचे विवेकानंद रुग्णालय मात्र १९६६ पासून कार्यरत आहे. दरम्यान १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दाईंच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे ब्लेड, स्वच्छ दोरा असे धडे त्यांना मिळाले. मराठवाड्याच्या सीमेलगत जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. शासकीय धोरणाने मात्र पुढे दाईऐवजी दवाखाना निवडला. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना व 'आशा' कार्यकर्ती आली, तर २०११ पासून शासकीय रुग्णालयात प्रसूती व शस्त्रक्रिया दोन्ही विनामूल्य झाल्या.

याचा लाभ निर्विवाद आहे. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ मध्ये १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या. त्याच सर्वेक्षणात सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आढळले. आधीच्या सर्वेक्षणात ते २०.१ टक्के होते. देशपातळीवर खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर शासकीय रुग्णालयांत १४.३ टक्के आहे. एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी पडत असेल, असे मानणे कठीण आहे.

युरोपातील अनेक देशांत घर आणि शस्त्रक्रियागृह यांच्यामध्ये प्रशिक्षित प्रसाविकेचा एक भक्कम टप्पा टिकून राहिला. आपण तो जवळजवळ ओलांडूनच पुढे आलो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कळांच्या काळात सोबतीण असावी, बाईला हिंडूफिरू द्यावे व हवी ती स्थिती घेऊ द्यावी, अशी शिफारस केली. हे सर्व सुईण करीतच होती; फक्त तिच्याजवळ रक्त, औषध आणि वाहन नव्हते. भारत सरकारनेही २०१८ मध्ये परिचारिकांना प्रसाविका म्हणून प्रशिक्षित करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

अशा प्रसाविकेची गरज सर्वाधिक भासते ती ऊसतोड कामगार स्त्रियांना. कंधार, मुखेड, अहमदपूर या परिसरातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. गरोदर स्त्रीची नोंद गावच्या उपकेंद्रात राहते आणि कळा सुरू होतात त्या कारखान्याच्या तळावरील कोपीत. तेथे तिच्याजवळ असते ती शेजारच्या कोपीतली एखादी जाणती बाई.